कालची वीज

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा कशाशीच संबंध नसतो तरी जे दारात उभे राहून सगळं ऐकतात अशा माझ्यासारख्यांनाही, पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येते की वीज शिळी होत नाही. काल भरलेली वीज आज वापरली तर कुणाचं पोट बिघडत नाही. तिला आंबूस वास येत नाही, तिच्यावर बुरशी धरत नाही. या प्रश्नावर एकेकाळी थेरगावात मोठा मतभेद होता. तो मिटून बरीच वर्षं झाली, पण कसा मिटला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हे जाहीर निवेदन.

निमित्त असं की मार्च लागला आहे, आणि आमच्या पिंपळे गुरवात संध्याकाळची वीज पुन्हा जायला लागली आहे. ती गेली की आधी सगळी पोरं मिळून आनंदाने ओरडतात. मग त्यांच्या आयांना आठवतं की परीक्षा आलीय, आणि अंधारात मेणबत्त्यांची शोधाशोध सुरू होते. काडेपेटी सापडते तेव्हा मेणबत्ती नसते, मेणबत्ती सापडते तेव्हा काडेपेटी कुणीतरी नुकतीच हातात घेऊन कुठेतरी ठेवलेली असते. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. खालून कैरीच्या फोडींचा वास येतो, कुणीतरी सनावळ्या मोठ्यांदा घोकत असतं, आणि मला थेरगावची ती चाळ आठवते. चाळ म्हणजे मालकीणबाईंच्या, सगळे जिला आत्या म्हणत तिच्या, शेतात एका लांबलचक ओळीत बांधलेल्या खोल्या. पुढे सामाईक पडवी, पडवीच्या टोकाला नळ, आणि नळाशेजारी पाटावर बसलेली एक काळी, चौकोनी, वजनदार बाई. ती बाई म्हणजे बॅटरी.

पण आधी त्या काळच्या विजेचा स्वभाव सांगायला हवा. दिवसभर ती कंपन्यांची असे. भोंगा झाला की पिंपरीपासून चिंचवडपर्यंत सगळी यंत्रं एकदम धडधडू लागत आणि वीज तिकडे राबायला जाई. संध्याकाळी मात्र तिच्यावर सगळ्यांचाच हक्क असे. दुसऱ्या शिफ्टची यंत्रं चालू, घराघरांत दिवे चालू, दुकानं उजळलेली. एवढ्या सगळ्यांना ती पुरायची कशी? मग आमच्यासारख्यांची वीज तोडत. आणि तोडली नाही तर बल्बच्या आतली तार नुसती लाल होई. आपण लागलो आहोत एवढंच कळवण्यापुरता तो दिवा. सगळे जेवूनखाऊन झोपले की मग हीच वीज लग्न आटोपल्यावर पोचलेल्या बँडवाल्यांसारखी पूर्ण जोशात येई. पंखा असा फिरे की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून खाली पडे. बल्ब पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे, आणि त्यांच्याखाली सगळी चाळ घोरत असलेली.

गुरुवारची गोष्ट निराळी. गुरुवारी कंपन्यांना सुटी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी वीज जात नसे. आमच्याकडची पोरं देवाच्या वारांइतकाच हा वार मानत.

रात्रीची ही उधळपट्टी बघून जर कुणाच्या पोटात खरोखर दुखत असेल तर ते दत्तोबाच्या. दत्तोबा खेडचा, म्हणजे आता पाट्यांवर राजगुरुनगर लिहितात तिथला. कंपनीत चार्जिंग रूमला होता. कारखान्याच्या शॉपमध्ये माल वाहणाऱ्या बॅटरीच्या गाड्या असत. दिवसभर राबलेल्या म्हशी गोठ्यात आणून बांधाव्यात तशा त्या रात्री दत्तोबाच्या त्या चार्जिंग रूममध्ये आणून बांधत, आणि तो त्यांना वीज पाजत असे. एवढ्या एका कामाच्या जोरावर दत्तोबा असं बोलायचा की वीज मुळात त्याच्या वडिलांनी शोधली आणि कागदपत्रं नीट न केल्यामुळे श्रेय भलत्याला गेलं.

“राव, रात्रीची वीज वाया जाती,” एका संध्याकाळी अंधारात तो पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला. “ती धरून ठिवायची आन संध्याकाळी सोडायची. सोपं हाय.”

“धरायची कशात?”

“बॅटरीत. पान्यागतच हाय की. नळाला पानी येतं तवा हंडा भरून ठिवतो का न्हाई आपन? तसंच. रात्री भरायची, संध्याकाळी वापरायची.”

हे पाण्याचं उदाहरण चाळीत असं काही पटकन पटलं की सांगता सोय नाही. आमच्या नळाला फक्त पहाटे पाणी. साठवणं म्हणजे काय हे आमच्या बायकांना शिकवायला कुणा इंजिनिअरची गरज नव्हती. पण पाण्याचं हेच उदाहरण पुढे आमच्या सगळ्यांच्या गळ्याशी येणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

दत्तोबाने ट्रकची एक म्हातारी बॅटरी भंगारवाल्याकडून मिळवली, चार्जर स्वतः जोडला, आणि ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब पडवीच्या वाशाला टांगला. बॅटरी ठेवायची कुठे यावर चर्चा झाली. साठवणीची वस्तू म्हणून ती नळाशेजारी, पाण्याच्या पिंपांच्या ओळीत बसली. कुणीतरी खाली पाट दिला, कुणीतरी वर हळदीकुंकू वाहिलं. पहिल्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा शेजारच्या वस्तीतली माणसं बघायला आली, आणि मी पायरीवर उभा राहून छोटंसं भाषण केलं. कंपनीच्या वार्षिक नाटकात मी दरवर्षी कामं करत असे. उजेड दिसला की तो आपल्यासाठीच आहे असं मला अजूनही वाटतं.

“ए नाटक्या, खाली उतर,” आत्या म्हणाली. “उजेड पोरीसाठी हाय.”

पोरगी म्हणजे कमल. लग्न झालेली, दोन लेकरांची आई, पण आत्याच्या हिशेबी पोरगीच. नवरा भीमराव याच गावातला, फाउंड्रीत, आणि कमल स्वतः कॉइल गुंडाळण्याच्या कामाला. केसापेक्षा बारीक तांब्याची तार दिवसभर गुंडाळायची. शाळा तिची मॅट्रिकच्या आत सुटली होती. त्या वर्षी तिच्या कंपनीत इन्स्पेक्शनच्या, म्हणजे माल तपासायच्या, जागा निघणार होत्या, पण मॅट्रिक पास हवी. कमलने बाहेरून फॉर्म भरला. जागा उन्हाळ्यानंतर भरायच्या होत्या, म्हणजे मार्चमध्ये पास झाली तरच उपयोग. ऑक्टोबरची वाट बघितली तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार आणि कमल जन्मभर तार गुंडाळत राहणार. अभ्यासाला वेळ मिळे तो फक्त संध्याकाळी, म्हणजे नेमका वीज नसण्याचा. कंदील लावायचा तर रॉकेल स्टोव्हलाच पुरत नसे. आणि दिवसभर त्या तारेने डोळे एवढे शिणलेले असत की कंदिलाच्या उजेडात तिला बीजगणितातलं अधिकाचं चिन्ह आणि वजाचं चिन्ह सारखंच दिसे. बीजगणितात एवढा एक फरक तरी दिसावा लागतो.

तर ते दिवेलागणीचे दिवस. हेडलाइटच्या पिवळ्या गोलात मधोमध कमल, मांडीवर पाट, पाटावर वही. आणि भोवती, उजेड फुकट जायला नको म्हणून, सगळी चाळ. बायका तांदूळ निवडत. भीमराव त्याच उजेडात दाढी करी, कारण सकाळी पहिली शिफ्ट. कुणी बटणं लावून घेई, कुणी पायातला काटा काढून घेई. नियम एकच, की उजेडात काय हवं ते करा पण बोलायचं नाही. मी सुद्धा गप्प बसत असे, आणि माझी बायको अजून म्हणते की आमच्या संसारातला तो सर्वांत सुखाचा काळ होता. मला फक्त इतिहासाच्या दिवशी बोलायची परवानगी होती. मी अफझलखानाचा वध दोन्ही बाजूंनी करून दाखवत असे. कमल तोंडाला पदर लावून हसे, पण इतिहासात तिला चांगले मार्क पडले, आणि त्याचं श्रेय मी आजतागायत सोडलेलं नाही.

आत्या उजेडाच्या अगदी कडेला बसायची. ती जुन्या गाववाल्यांपैकी. जमीन कंपन्यांत गेली, उरली त्यात या खोल्या बांधल्या. साऱ्या जगाची मालकीण असल्यासारखी वागायची. आणि पाण्याच्या बाबतीत तिचं शास्त्र पक्कं होतं. रोज पहाटे नळ आला की कालचं पाणी ओतायचं, भांडी चिंचेने लख्ख घासायची, ताजं भरायचं, वर फडकं बांधायचं. टंचाईच्या साली सुद्धा कालचं पाणी लिंबाच्या झाडाला गेलं, घरात राहिलं नाही. “शिळं पानी घरात ठिवत न्हाईत,” एवढंच. कारण विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यांदा.

आत्याची आणखी एक गोष्ट होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. कमलच्या घरचं ती काही खात नसे. कमलच्या खोलीत बुद्धाचा फोटो होता. आत्या त्या दारात तासभर बसून गप्पा मारी, लेकरांना मांडीवर घेई, पण कमलने चहा पुढे केला की आत्याचा त्या दिवशी उपास निघे. आठवड्याला वार सात, आत्याचे उपास त्याहून जास्त. कमल कधी आग्रह करत नसे. चहा पुढे करायची मात्र थांबत नसे.

आता बीजगणिताचा पेपर. तो शनिवारी होता. बुधवारी रात्री दत्तोबाने बॅटरी काठोकाठ भरली. गुरुवारी संध्याकाळी वीज गेलीच नाही, त्यामुळे बॅटरीला कुणी हात लावला नाही. शुक्रवारची संध्याकाळ ही शेवटची, आणि शेवटचं सगळ्यात अवघड प्रकरण कमलने त्या संध्याकाळसाठी ठेवलं होतं, कारण गुरुवार बाकीची उजळणी करण्यात गेला होता आणि रजा फक्त पेपरच्या दिवशी मिळायची. वर्गसमीकरणं. त्या दिवशी चाळीने ठरवलं की उजेडात तांदूळ नाहीत, दाढी नाही, काटे पायातच राहू देत. आज वीज फक्त कमलची.

सूर्य मावळला. ठरल्याप्रमाणे वीज गेली. कमल पाट घेऊन बसली. दत्तोबा, जणू धरणाचा दरवाजा उघडायला मंत्री आला आहे अशा चालीने पुढे झाला आणि त्याने बटण दाबलं.

बल्बातली तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली आणि विझली.

दत्तोबाने वायर हलवून बघितली. बॅटरीवर काडी पेटवून धरली आणि त्याचा चेहराच बदलला. बॅटरीची दोन्ही टोकं देवाच्या समईसारखी चकाकत होती. चिंचेचा वास येत होता. आणि वर स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं होतं.

“हिला कुनी हात लावला?”

“मी,” आत्या म्हणाली. आवाजात समाधान होतं. “सकाळधरनं दिवा लावून ठिवला हुता. चार वाजंपतूर चालली बघ, एवढी भरलेली. मग विझला तवा घासूनपुसून ताजी भरली.”

“दिवसा दिवा लावला?”

“मग? रिकामी कशी करायची? कलती करून बघितली, काय पडंना.”

“भरली म्हंजे किती वेळ?”

“हंडा भराया लागतो तेवढा वेळ.”

दत्तोबाने कपाळाला हात लावला. “आत्या, तिला आख्खी रात लागती भराया. न्हाई म्हनलं तरी आख्खी रात. आन तू भरलेली ओतून दिलीस?”

“तूच म्हनालास न्हवं, पान्यागत हाय म्हनून?”

दत्तोबा बॅटरीवरचं फडकं उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. भीमराव मात्र भडकला. तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. “आत्या, वर्षभर ती राबली हो. आजच्या एका संध्याकाळवर सगळं होतं. तुम्हाला आजच कसं सुचलं हे? इतके दिवस कालचीच वापरत होतो की आपण.”

“ती रातची भरलेली असायची, येका राताची,” आत्या म्हणाली. “ही बुधवारची. दोन राती गेलेली.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “भीमा, तुज्या आज्याला, पंज्याला आमच्या दारातनं शिळंच मिळालं रं. मी माज्या हातानं वाढलंय. उद्या पोरीची परीक्षा. म्हनलं, आज तरी हिला ताजं देऊ.”

भीमराव नुसता उभा राहिला. त्याच्या हातात दाढीचा ब्रश का होता कुणास ठाऊक, आज दाढी बंद होती. आणि अंधारातून कमल म्हणाली, “आत्या, आधी उजेडाचं काय ते बघू. वर्गसमीकरणाला शिळंताजं चालतं, पण दिसलं पाहिजे.”

हसायचं की नाही हे ठरायच्या आत रस्त्यावर भर्रर्र आवाज झाला आणि कांद्याचा वास आला. अन्वरचा टेम्पो. आमच्या शेवटच्या खोलीतला अन्वर चाकणच्या बाजारातला कांदा पुण्याला नेऊन टाकायचा आणि संध्याकाळी रिकामा टेम्पो घेऊन परत यायचा. तो वळला तसा हेडलाइटचा झोत चाळीच्या भिंतीवरून फिरला, आणि चुन्याची ती पांढरी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सिनेमाच्या पडद्यासारखी उजळत गेली.

“अन्वर, बंद करू नको,” सगळी चाळ एकदम ओरडली.

अन्वर घाबरून खाली उतरला. त्याला वाटलं कुणी चाकाखाली आलं. त्याला हकिकत सांगून झाल्यावर दत्तोबाने सूचना केली की टेम्पोची बॅटरी काढून घेऊ. “बॅटरी काढली तर सकाळी टेम्पो तू ढकलणार का, दत्तूशेठ?” अन्वर म्हणाला. “इंजिन चालू ठेवतो. लाइट लागेल तोवर लागेल. रोज कांदा रडवतो, आज गणित रडवू दे.”

मग जे झालं ते मी रंगमंचावर कधी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर त्यात काम मागितलं असतं. टेम्पो जागच्या जागी थरथरत उभा. त्याच्याकडे खांदा करून खाटेवर कमल, वही उजेडात. आणि समोर भिंतीवर तिची सावली, छपरापर्यंत पोचलेली, हातात माणसाच्या उंचीची पेन्सिल. आम्ही सगळे दोन्ही बाजूंना अंधारात. ती पेन्सिल भिंतीवर चालू लागली की आम्हाला बरं वाटायचं. थांबली की सगळ्यांचे श्वास थांबत. ज्यांना पाढे येत नव्हते तेसुद्धा मनातल्या मनात पेन्सिलीला ढकलत होते. मग ती झरझर पुढे सरके, आणि अंधारातून कुणीतरी हळूच म्हणे, “सुटलं.” इंजिनाच्या आवाजात माझ्या बायकोने तांदूळ निवडायला घेतले, कारण एवढा उजेड वाया जाणं तिला सहन होईना.

आत्या उठून टेम्पोजवळ गेली. तिने बॉनेटवर तळवा ठेवला. गरम होतं. तिने आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. वीज डोळ्यांसमोर निघत होती आणि निघाल्या निघाल्या पोरीच्या वहीवर पडत होती. धारोष्ण. तिच्या शास्त्रात बसली.

दत्तोबा अलीकडे मला भेटला तेव्हा सांगत होता की परदेशात म्हणे रात्रीच्या उरलेल्या विजेवर तलावाचं पाणी डोंगरावर चढवतात आणि संध्याकाळी खाली सोडून त्याच्यावर पुन्हा वीज काढतात. “म्हंजे मी थेरगावात केलं तेच, राव. फकस्त डोंगर मोठा.” मी त्याला म्हटलं, हे आत्याला सांगू नकोस. तेच पाणी रोज खालीवर म्हणजे किती शिळं, कल्पना कर. दत्तोबा हसला. आत्या आता नाही. चाळीच्या जागी तीन मजली इमारत आहे, आणि लिंबाचं झाड आश्चर्य म्हणजे अजून आहे. रोज पहाटे कालचं पाणी पिऊन पोसलेलं झाड ते.

मीही आताशा विचार करतो की साठवण्यासारखं आपल्याकडे केवढं असतं, आणि ते कसं भलत्या वेळी भरभरून येतं. मला बोलायला सुचतं ते सगळे झोपल्यावर. माणसाचं चांगलं वागणं असंच कुठेतरी पडून असतं, आणि नेमकं लागतं तेव्हा तार नुसती लाल होते. पण कधी कधी एखादा अन्वर वेळेवर वळतो. आज गॅलरीतून समोरच्या घरातली पोरगी मेणबत्तीपाशी वाकलेली दिसते, आणि मला उठून स्कूटरचा दिवा तिच्या भिंतीवर टाकावासा वाटतो. बायको म्हणते, बसा, तिला घाबरवू नका.

कमल पास झाली. जूनमध्ये निकाल लागला. बीजगणितात काठावर, पण काठ आतल्या बाजूचा. चाळीत पेढे वाटले गेले, आणि आत्या नेमकी त्या दिवशी लेकीकडे गेलेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कमल तेव्हा इन्स्पेक्शनच्या अर्जावर भीमरावची सही नको, स्वतःची हवी, हे त्याला समजावत होती. आत्याला बघून ती पुडा घेऊन दारात आली आणि अडखळली. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो, आणि कुणीच आत जाईना. आत्याने काही विचारायच्या आत कमलने स्वतःच सांगून टाकलं, म्हणजे आत्याला नाही म्हणायला सोपं जावं. “आत्या, पास झाले. पण पेढे कालचे आहेत. आणि तुमचा उपास असेल.”

आत्याने पुड्याकडे बघितलं. मग पाटावरच्या बॅटरीकडे बघितलं. रात्री दत्तोबाने भरून ठेवलेली ती, संध्याकाळची वाट बघत बसली होती. मग आत्या कमलच्या उंबऱ्यावर बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, “कालची वीज चालती, तर कालच्या पेढ्यानं काय घोडं मारलंय? आन हिकडं. दोन दे.”